ग्रीस भरपूर, तरी मोटर घसरते: एका गिअर्ड हब मोटरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही विजेवर चालणारी सायकल ज्यांची, त्यांना इथे नुसतं काका म्हणतो. मागच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्ये, 36 व्होल्ट, 250 वॉटची गिअर्ड हब मोटर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, पेडल मारलं की मदत करणारी आणि थ्रॉटल पिळला तर स्वतःहून ओढणारी. माझ्याकडे आली तेव्हा मीटरवर 9,200 किलोमीटर होते. काका रोज वापरतात, वाटेत एक चढ आहे आणि त्या चढाच्या पायथ्याशीच सिग्नलला थांबावं लागतं. हा सिग्नल पुढे महत्त्वाचा ठरतो.

मोटरच्या आत काय असतं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या रचनेतूनच झाला. गिअर्ड हब मोटर बाहेरून बिनगिअरच्या मोटरपेक्षा लहान दिसते, पण पोटात ऐवज जास्त. ॲक्सलवर स्टेटर, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांचा न फिरणारा भाग, बसवलेला, त्याभोवती फिरणारा चुंबकांचा रोटर. रोटरच्या टोकाला लहानसा स्टीलचा सन गिअर. त्याला चिकटून तीन प्लॅनेट गिअर, बहुधा नायलॉनचे. आणि त्या तिघांना वेढून हबच्या कवचाला बसवलेला मोठा रिंग गिअर. काकांच्या मोटरमध्ये मी दाते मोजले: सन 21, प्लॅनेट 36, रिंग 93. म्हणजे 93 भागिले 21, रोटरचे 4.43 फेरे झाले की चाकाचा एक फेरा. ताशी 25 किलोमीटरला चाक मिनिटाला 200 च्या आसपास फिरतं, तेव्हा आत रोटर 900 च्या जवळ असतो, तोही उलट्या दिशेने.

तीन प्लॅनेट ज्या चकतीवर बसतात ती चकती ॲक्सलवर थेट पक्की नसते. मध्ये एकेरी क्लच असतो: छोटे पोलादी रोलर, त्यांच्या मागे केसासारख्या स्प्रिंगा आणि निमुळत्या होत जाणाऱ्या खाचा. मोटर ओढायला लागली की चकती मागे फिरू पाहते, रोलर निमुळत्या बाजूला सरकून अडकतात आणि चकती ॲक्सलला जखडते. मोटर बंद करून नुसतं पेडल मारलं की रोलर सुटतात आणि चाक मोटरला न ओढता फिरतं. बॅटरी संपली तरी गिअर्ड हबची सायकल जड लागत नाही ती यामुळे, आणि उतारावर बॅटरी भरून घेणं तिला जमत नाही तेही यामुळेच.

समस्या

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "अरे, सकाळी निघालो की मोटर नुसती घुंऽ करते, ओढत नाही. आणि मग एकदम लाथ मारल्यासारखी पकडते. दहा मिनिटांनी सगळं ठीक. दुपारी येताना काहीच नाही."

मी विचारलं, "आवाज पहिल्यापासून होता का, काका?"

"आवाज आधी होता, तेव्हा घसरत नव्हती. आता घसरते, पण आवाज कमी आहे."

या वाक्यावर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. आवाज कमी कशाने झाला, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. आवाज कमी झाला म्हणजे मधे कोणीतरी काहीतरी केलेलं असणार. मी मात्र मनात गिअरचे दाते गेले असं धरून बसलो, कारण 9,000 किलोमीटरला नायलॉनचे गिअर जातात असं बऱ्याचदा पाहिलंय. ही पहिली चूक, आणि ती हत्यार हातात घेण्याआधीच झाली.

बाहेरून काय कळलं

मोटर उघडण्याआधी बाहेरून जेवढं तपासता येतं तेवढं तपासावं. चाक सोडवून, झाकण काढून, परत बसवून एक दिवस जातो. बाहेरच्या तपासण्यांना अर्धा तास पुरतो.

आधी विजेची बाजू. रोटर कुठे आहे हे सांगणारे तीन हॉल सेन्सर असतात, त्यांतला एक गेला तरी मोटर अडखळते. पाच बारीक वायरी: 5 व्होल्ट, अर्थ आणि तीन सिग्नल. बॅटरी चालू ठेवून मल्टिमीटर एकेका सिग्नलला लावला आणि चाक हाताने सावकाश मागे फिरवलं. तिन्ही सिग्नल शून्य आणि 5 व्होल्टच्या दरम्यान व्यवस्थित वर-खाली होत होते. चाक मागेच का फिरवायचं? पुढे फिरवलं तर क्लच सुटतो, रोटर जागचा हलत नाही, मीटरचा आकडा बदलत नाही आणि चांगला सेन्सर मेलेला समजून माणूस फसतो. मी स्वतः असा एकदा फसलोय.

चाक मागे फिरवण्यातून क्लचचाही अंदाज येतो. क्लच ठीक असेल तर मागे फिरवताच हाताला चुंबकांचे टप्पे लागतात, टक-टक-टक असे. काकांची सायकल त्या वेळी नुकतीच चालवून आणलेली होती. टप्पे लगेच लागले, सगळं बरोबर वाटलं. मग सायकल रात्रभर बाहेरच ठेवली आणि सकाळी पुन्हा पाहिलं. चाक जवळजवळ पाव फेरा मोकळं मागे गेलं आणि मग खट् करून अडकलं. दुसऱ्यांदा केलं तर कमी. पाच-सहा वेळा केल्यावर बरोबर.

इथे माझं निदान बदललं. दाता तुटलेला असता तर त्याची खरखर थंडीत आणि उन्हात सारखीच आली असती, वेग वाढला की तिचा ठेका वाढला असता. थंडीत घसरणं आणि तापल्यावर सुधारणं हे दात्यांचं लक्षण नाही. रोलर कशाततरी रुतून बसतायत आणि तो पदार्थ तापला की पातळ होतोय. म्हणजे ग्रीस.

तेव्हा कुठे विचारलं, "काका, ही मोटर आधी कोणी उघडली होती का?"

"हो, तीन हजार किलोमीटरमागे. आवाज येत होता म्हणून ग्रीस भरून आणलं. चांगलं भरपूर भरलंय म्हणाला होता."

समोर असलेले पर्याय

मोटर न उघडता तसंच चालवायचं, हा पहिला पर्याय. काकांना तोच पसंत होता, कारण दहा मिनिटांनी सगळं सुरळीत होत होतं. मला तो धोक्याचा वाटला. क्लच घसरतो तेव्हा मोटर भाराविना वेग घेते. मग रोलर अचानक अडकतात आणि तो सगळा वेग एका क्षणात तीन नायलॉनच्या गिअरवर आदळतो. काका ज्याला लाथ म्हणत होते तिचा मार आत दात्यांवर बसत होता. शिवाय हे रोज त्या सिग्नलला, चढ सुरू होतानाच होत होतं. मागून गाडी येत असताना सायकल आधी ओढत नाही आणि मग एकदम उडी मारते, यात माणूस पडू शकतो.

पूर्ण मोटर बदलायची, हा दुसरा. चाक पुन्हा बांधायचं, कनेक्टर आणि कंट्रोलर जुळतात का पाहायचं. स्टेटर, चुंबक, वायरी सगळं चांगलं असताना हे मला पटलं नाही.

तिसरा पर्याय, प्लॅनेटची चकती क्लचसकट नवी घालायची. ती एकत्र मिळते, तीन गिअर आणि क्लच बसवलेलाच. चौथा पर्याय, उघडून सगळं धुवायचं, तपासायचं आणि जे गेलंय तेवढंच बदलायचं. आम्ही चौथा निवडला. उघडण्याआधी नेमकं काय गेलंय हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे भाग आधी मागवून ठेवण्यात अर्थ नव्हता. हा निर्णय तेव्हाच्या माहितीवर ठीक होता असं मला अजून वाटतं. गडबड त्याच्या पुढच्या निर्णयात झाली.

उघडताना

बॅटरी काढली, कनेक्टर सोडला. ॲक्सलवरच्या वायसर ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवल्या. कुठली आत, कुठली बाहेर, कुठल्या वायसरचा दात फ्रेमच्या खाचेत बसतो, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. फ्रीव्हील काढलं, कारण झाकणाचे स्क्रू त्याच्या मागे होते. डिस्क काढून लांब, वेगळ्या खोलीत ठेवली. ग्रीसचं बोट डिस्कला लागलं तर ब्रेक पॅड टाकावे लागतात.

झाकणाचे सहा स्क्रू. बिट अचूक मापाचा नसेल तर यांची डोकी गुळगुळीत होतात आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. समोरासमोरचे थोडेथोडे सैल केले. झाकण जाम होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, पण तसं केलं की जोडावर ओरखडा पडतो आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच शिरतं. ॲक्सलचं टोक लाकडी ठोकळ्यावर धरून कवचाला रबरी हातोडीने गोल गोल ठोकलं, तेव्हा फट पडली.

आत जे दिसलं ते सांगायला हवं. कवचाच्या आतल्या भिंतीवर बोटभर जाडीचा तपकिरी थर, जणू कोणी लिंपून घेतलंय. झाकणाच्या आतही तेच. तीन प्लॅनेटच्या मधल्या पोकळ्या गच्च. आणि दाते? दाते जवळपास कोरडे, वर नुसती काळपट चकाकी. फिरणाऱ्या गिअरांनी ग्रीस एकदा बाहेर फेकलं की ते भिंतीला जाऊन बसतं, आणि भिंतीवरचं ग्रीस दात्यांच्या काय कामाचं? थोडं दात्यांपाशी राहतं तेवढंच काम करतं. उरलेलं तापतं, त्यातलं तेल सुटतं आणि ते तेल वाट मिळेल तिकडे झिरपतं. इथे त्याला क्लचची वाट सापडली होती. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. तेल निघून गेल्यावर जी चिकट जाळी उरते ती रोलरांच्या खाचांत मेणासारखी बसली होती.

क्लच बाहेर काढून बोटाने रोलर दाबला. तो आत गेला आणि तिथेच राहिला, स्प्रिंगने त्याला परत ढकललं नाही. दोन सेकंदांनी सावकाश, आळस देत बाहेर आला.

धुणं आणि तपासणं

प्लॅनेट चकतीवरून काढले, क्लच वेगळा केला, दोन्ही रॉकेलमध्ये ब्रशने धुतले. नायलॉनला रॉकेलने काही होत नाही. स्टेटरच्या बाजूला मात्र रॉकेल, पेट्रोल, स्प्रे काही नेलं नाही. तारेवरचं वार्निश आणि हॉल सेन्सरचा गोंद यांची परीक्षा घ्यायची गरज नसते, कोरड्या फडक्याने पुसलं की पुरतं. रबरी सील असलेली बेअरिंगंही बुडवायची नाहीत. सीलमधून रॉकेल आत जातं, आतलं ग्रीस पातळ करतं आणि बाहेर येत नाही. बेअरिंग हातात फिरवून पाहायचं. खरखर असेल तर वर लिहिलेला नंबर पाहून तेच घालायचं: 6002 असेल तर 15 मिलिमीटर भोक, 32 बाहेरचा व्यास, 9 जाडी, कोणत्याही कंपनीचं घेतलं तरी माप हेच. काकांची दोन्ही बेअरिंगं ठीक होती.

प्लॅनेटचे दाते भिंगाखाली पाहिले. तुटलेला एकही नव्हता, पण कडा पातळ झालेल्या, आणि एका गिअरच्या लागोपाठ चार दात्यांच्या बुडाशी पांढुरकी रेघ. नायलॉन वारंवार वाकला की तडा जाण्याआधी असा पांढरा पडतो.

काका शेजारीच बसले होते. म्हणाले, "उलटे करून घाल ना. झिजलेली बाजू दुसरीकडे जाईल."

प्रश्न चांगला होता, आणि सायकलच्या इतर काही भागांना ही युक्ती चालतेही. इथे चालत नाही. प्लॅनेट मध्यस्थ असतो. सन गिअर त्याच्या दात्याच्या एका गालावर ढकलतो, आणि अर्धा फेरा झाल्यावर तोच दाता दुसऱ्या गालाने रिंगला ढकलतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दाता एकदा या बाजूला वाकतो, एकदा त्या बाजूला. सन आणि रिंग एकाच गालाने झिजतात, प्लॅनेट दोन्ही गालांनी. तो नायलॉनचा म्हणून आधी जातोच, पण दोन्हीकडून वाकतो म्हणूनही जातो. उलटा केला तरी झिजलेलाच गाल समोर येतो.

तिन्ही प्लॅनेट नवे घालायचे ठरलं. एकच बदलू नये, कारण नव्या दात्याची जाडी जास्त असते आणि सगळा भार तो एकटाच उचलतो. मागवताना दाते 36, बाहेरचा व्यास 38 मिलिमीटर, जाडी आणि मधल्या भोकाचं माप व्हर्नियरने मोजून दिलं. मोटरच्या नावावरून मागवलं तर हमखास चुकीचे येतात.

आता क्लच. धुतल्यावर तो छान चालला: एका बाजूला मोकळा, दुसऱ्या बाजूला ताबडतोब पकड. पण घरातल्या उबेत तो आधीही छानच चालला असता. म्हणून पिशवीत बांधून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी काढल्या काढल्या फिरवला. पन्नास वेळा फिरवला असेन, एकदाही घसरला नाही. रोलरांवर नुसती चकाकी होती. क्लच जुनाच ठेवला.

ग्रीस कोणतं, किती आणि कुठे

जुन्या ग्रीसचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळं धुवून काढणं भागच होतं. दोन वेगळ्या जाळीची ग्रीसं, समजा एक लिथियमच्या साबणाचं आणि एक बेंटोनाइट मातीच्या जाळीचं, एकत्र आली की बऱ्याचदा दोन्ही पातळ होऊन वाहू लागतात. वरून थोडं ताजं घालू, हा विचार म्हणूनच धोक्याचा.

दात्यांसाठी मी सिंथेटिक तेलाचं, प्लास्टिकला चालणारं, लिथियम कॉम्प्लेक्सचं 2 नंबरचं ग्रीस घेतलं. हा नंबर घट्टपणाचा असतो, 000 पासून 6 पर्यंत. पातळ 00 चा विचार केला होता. ते फेकलं गेलं तरी ओघळून परत दात्यांवर येतं, हा त्याचा गुण. पण तसंच ओघळून ते बेअरिंगच्या सीलमधून बाहेर येऊ शकतं, आणि बाहेर डिस्क आहे. ब्रेक तेलकट होण्यापेक्षा 2 नंबर आणि काही हजार किलोमीटरनी पुन्हा उघडणं परवडलं. सिलिकॉन ग्रीस प्लास्टिकला मानवतं, पण स्टीलच्या दात्यावर भार आला की त्याचा थर टिकत नाही. ग्रॅफाइटचं ग्रीस वीज वाहून नेतं, ते सेन्सरच्या शेजारी नको. आणि गंजलेले नट सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे, तो असलेलं ग्रीस धुवून टाकतो.

किती? तीन प्लॅनेट, सन आणि रिंग मिळून साधारण दहा ग्रॅम. ब्रशने दात्यांच्या फटीत भरायचं, गिअर हाताने दहा-बारा फेरे फिरवायचे आणि जे कडेला ढीग होऊन येतं ते पुसून काढायचं. सगळीकडे पातळ ओला थर दिसला की बस. भिंतीवर काहीही नाही. क्लचला ग्रीस अजिबात नाही, फक्त पातळ तेलाचे चार थेंब, फिरवून, वरचं टिपून घेऊन.

दहा ग्रॅमचा तो ठिपका पाहून काकांचा चेहरा पडला. "एवढंच?"

"आधी भरपूर होतं, काका. तरीच तर आलात ना."

जोडणी आणि उरलेली शिम

सगळं जोडलं, झाकणाच्या कडेला सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ ओढली. सीलंट आंबट वासाचं घेऊ नये, त्यातलं ॲसिड तांबं आणि लोखंड खातं, न्यूट्रल प्रकारचं घ्यावं. स्क्रू समोरासमोर आवळले. वायर ॲक्सलमधून बाहेर येते तिथे तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून चालत मोटरमध्ये न जाता झोळातून टपकतं. ॲक्सलचे नट पत्रकात सांगितल्याप्रमाणे 40 न्यूटन-मीटरला, टॉर्क वायसर, म्हणजे ती दातवाली, फ्रेमच्या खाचेत बसलीय हे पाहून.

चाक फिरवलं. सर्र-सर्र, प्रत्येक फेऱ्यात धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज.

नवे गिअर आहेत, रुळतील, असं मी स्वतःला जवळजवळ पटवलं होतं. मग हात पुसायला फडकं उचललं आणि त्याला चिकटलेली एक पातळ शिम, म्हणजे दोन भागांमधली फट भरणारी कडी, खाली पडली, नखाएवढ्या जाडीचीही नाही. ॲक्सलवर, सर्क्लिपच्या (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीच्या) आत, चकती आणि झाकण यांच्यामध्ये ती असते. ग्रीसच्या गोळ्यात चकतीला चिकटून ती निघाली आणि पुसताना फडक्यात गेली. बाहेरच्या वायसर मी तारेत ओवल्या होत्या. आतल्या भागांचा फोटो मात्र ग्रीस काढल्यावर घेतला, आधी नाही.

पुन्हा उघडली. सीलंट खरवडून काढलं, शिम घातली, पुन्हा बंद केली. सर्र-सर्र गेलं. अधांतरी चाक पूर्ण वेगाने फिरवताना बॅटरीतून किती करंट जातो तेही मोजलं: उघडण्याआधी 1.4 अँपिअर होता, आता 0.9. आतल्या ढिगातून गिअर घुसळत नेण्यात तेवढी वीज जात होती.

परिणाम

घसरणं थांबलं, आवाज पहिल्यापेक्षा बराच कमी झाला. काकांना एक सवय बदलायला सांगितली: सिग्नलवरून निघताना आधी दोन-तीन पेडल मारायची, चाक हललं की मग थ्रॉटल. चाक जागचं थांबलेलं असताना मोटरच्या वायरींतून जाणारा करंट बॅटरीच्या करंटपेक्षा कितीतरी जास्त असतो. दात्यांवरचा सगळ्यात मोठा जोरही तेव्हाच येतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. नायलॉनला जोर आणि उष्णता एकत्र आलेली सोसत नाही. काकांनी ही सवय लावून घेतली, कधीकधी विसरतात.

सुमारे 1,800 किलोमीटर सगळं नीट चाललं. मग एका फार थंड सकाळी फोन: "अरे, आज परत एकदा घसरली. एकदाच. पण घसरली."

पुन्हा उघडली. ग्रीस जिथे हवं तिथेच होतं, दाते उत्तम, क्लचमध्ये चिकटा नाही. एकेक स्प्रिंग काढून शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा एक बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर आखूड निघाली. तिच्यासमोरच्या रोलरवर भिंगाखाली एक बारीक सपाट पट्टा दिसला. आधी मी रोलर खाचेत बसलेलेच, फिरवून फिरवून पाहिले होते. बाहेर काढून सगळीकडून पाहिले नव्हते. 3,000 किलोमीटर रोज सकाळी बसलेल्या लाथा नायलॉनवर दिसल्या, पोलादावरही त्या बसल्या असणार हे मी धरलंच नाही. या वेळी क्लच नवा घातला. त्यानंतर अजून घसरल्याची तक्रार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला प्रश्न "ही आधी कोणी उघडली होती का?" हा असेल, हत्यार काढायच्या आधी. तीन दिवसांतला एक दिवस त्यात वाचला असता.

क्लचच्या निर्णयावर मी अजून स्वतःशी भांडतो. फ्रिजची चाचणी वाईट नव्हती, चिकटा गेलाय हे तिने बरोबर सांगितलं. पण क्लच पुढे टिकेल का, हे ती सांगू शकत नाही आणि मी तिला तेच विचारत होतो. क्लच घसरल्याचा इतिहास असेल तर प्लॅनेटची चकती क्लचसकट बदलणं, म्हणजे तिसरा पर्याय, बरा होता. नुसता आवाज असता आणि घसरणं नसतं, तर जुना क्लच धुवून ठेवणं मी आजही चुकीचं मानणार नाही. एवढं मात्र पक्कं: ठेवायचाच असेल तर स्प्रिंगा काढून मोजायच्या, रोलर भिंगाखाली गोल फिरवून पाहायचे. त्याला वीस मिनिटं लागतात.

नव्या मोटरला पहिल्या काही हजार किलोमीटरांत उघडावं का, असं काहीजण विचारतात. आवाज बदललेला नसेल, पाणी शिरल्याची शंका नसेल, तर मी उघडत नाही. प्रत्येक वेळी उघडताना सील तुटतं, स्क्रूची डोकी झिजतात, आणि शिम फडक्याला चिकटते. आवाज वाढत चाललाय आणि मधे कोणी हात लावलेला नाही, तर उघडायची वेळ झाली. आवाज एकाएकी नाहीसा झाला असेल, तर आधी कोणी काय घातलं ते शोधायचं.

फोटो आता मी झाकण निघताक्षणी काढतो, ग्रीस असेल तसं. आणि काकांच्या मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुसऱ्यांदा बंद करण्यापूर्वी ग्रीसचं नाव, महिना आणि साल कोरून ठेवलंय. खाली एक ओळ: शिम 1, चकती आणि झाकणाच्या मध्ये.